सासऱ्यांचे शेवटचे दिवस टीव्हीवर

आमच्याकडे माणूस गेला की भेटायला येणारा प्रत्येक जण टेकता टेकता विचारतो, "कसं झालं जी?" मग घरच्यांनी पहिल्यापासून सांगायचं. ताप कधी आला, गाडी कोणाची केली, डॉक्टर काय म्हणाले. निम्मं सांगून होतं तोवर लाखांदूरच्या बसने आणखी चार जण येतात आणि पुन्हा तापापासून सुरुवात.

सासरे गेले तेव्हा तेरवीपर्यंतची व्यवस्था माझ्याकडे होती. नवरा क्रियेला बसलेला. मी वहीत पानं पाडली: खुर्च्या, सतरंज्या, कप, तेरवीचा स्वयंपाक, कोणाला कळवलं, कोण राहिलं. एक पान होतं 'काय सांगायचं'. त्यावर पहिलीच ओळ: झोपेत गेले, त्रास झाला नाही.

ते खोटं होतं. नागपूरच्या दवाखान्यात शेवटचे चार दिवस ते नळ्या उपटत होते, म्हणून त्यांचे हात पलंगाला बांधले होते. घरी न्या म्हणून सारखे विनवायचे. सासूबाईंचे गुडघे गेलेले, त्यांना आम्ही नागपूरला नेलंच नव्हतं. मी, नवरा आणि दीर, तिघांनी ठरवलं की यातलं काही त्यांच्या कानावर जाऊ द्यायचं नाही. सासरे जन्मभर हातमागावर बसले, सासूबाई शेजारी बसून सुताच्या कांड्या भरत राहिल्या. शेवट तरी त्यांना बरा वाटावा.

तिसऱ्या दिवशी दिराचा घसा बसला. "वहिनी, किती वेळा तेच तेच सांगू? टीव्हीवर लावून देतो."

मला वाटलं, जुने फोटो लावेल. वायफायचा पासवर्ड मीच दिला. त्याने फोनवर बोट दाबलं आणि समोरच्या खोलीतल्या टीव्हीवर सासरे आले. कोणाच्या तरी लग्नात फेटा बांधलेले, मागावर वाकलेले. लोक गप्प बसून पाहू लागले. एक काम कमी झालं म्हणून मी वहीत 'काय सांगायचं'च्या पानावर बरोबरची खूण केली आणि स्वयंपाकघरात गेले.

दुसऱ्या दिवशी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले, तर पडद्यावर दवाखान्यात दिराने काढलेला व्हिडिओ, सासऱ्यांचा मनगटाला पट्टी बांधलेला हात. दीर उभा राहून समजावत होता, "हा ऑक्सिजन. ही इथं लघवीची पिशवी."

"मोठं करता येते का?" एकाने सुपारी चघळत विचारलं.

दिराने फोनवर दोन बोटं फाकवली. सासऱ्यांचं उघडं, कोरडं तोंड टीव्हीभर पसरलं. बाजूच्या बाईने बशीत चहा ओतला आणि फुंकर मारत पाहत राहिली.

मी दिराला आत बोलावलं. "भाऊजी, काहून दाखवून राहिले हे? आई पलीकडच्या खोलीत आहे."

"टीव्हीचा आवाज बंद आहे ना. अन् मी चार दिवस तिथं बसून होतो वहिनी. लोकायले दिसलं पाहिजे का नाही?"

म्हणजे सेवेचा पुरावा. बापाची लघवीची पिशवी दाखवून. बंद करा म्हणणार होते. पण तेवढ्यात आचारी तेरवीच्या स्वयंपाकाचं विचारायला आला, आणि मी त्याच्याशी बोलायला गेले. थांबवायचं तेव्हाच होतं, थांबवलं नाही.

पुढे लोक मागून पाहू लागले. फाटकाशी एक जण दुसऱ्याला सांगत होता, "बसजो थोडा, तो व्हिडिओ दाखवते."

नवव्या दिवशी सासऱ्यांबरोबर विणकाम केलेले एक म्हातारे आले. ऐकू कमी येतं. "मुकं काहून आहे हे?" म्हणत त्यांनीच रिमोट उचलला आणि दाबला.

"मले घरी ने. हात सोड ना वो माय." सगळ्या घरभर सासऱ्यांचा आवाज.

पाठोपाठ माझा, चटपटीत, कामं उरकतानाचा. "उद्या नेऊ बाबा. आधी औषध घ्या."

मधल्या दाराचा पडदा हलला. रिवाजाप्रमाणे तेरवीपर्यंत बाहेर यायचं नसलेल्या सासूबाई भिंतीला धरून बाहेर आल्या. दीर फोनवर बोटं मारत होता, चित्र जाईना. तेच वाक्य पुन्हा लागलं. लोकांनी कप खाली ठेवले.

"हात कायले बांधले होते?" त्यांनी विचारलं. दिराला नाही, मला.

"नळ्या काढत होते, आई."

"अन् घरी?"

"डॉक्टर नाही म्हणाले."

"तू तं उद्या म्हणत होती."

त्यांनी खुर्ची ओढायला लावली आणि तिथेच बसल्या. आत चला म्हटलं, तर हलल्या नाहीत. दिराने शेवटी टीव्हीची वायरच उपटली.

थोड्या वेळाने जवाहरनगरच्या क्वार्टरमधून दोन ओळखीच्या बाया आल्या. बसल्या, पदर सारखा केला, आणि दिराकडे पाहून विचारलं, कसं झालं.

दिराआधी सासूबाई बोलल्या. "हात बांधून ठेवले होते. घरी न्या म्हणत होते. नाही नेलं."

बाया माझ्याकडे पाहू लागल्या. मी रिकामे कप गोळा केले. तेरवीपर्यंत आलेल्या प्रत्येकाला सासूबाईंनी एवढंच सांगितलं, आणि चहा द्यायला दर वेळी मीच उभी होते.