मालनताईंच्या अंड्यांचा दर

त्या सोमवारी सकाळी मालनताईंच्या टेबलावर पाच रिकामे डबे त्यांच्याआधी येऊन बसले होते. सोमवार म्हणजे आमच्या सांगलीच्या विश्रामबागेतल्या कार्यालयात अंड्यांचा वार. मालनताई मिरजेपलीकडच्या आपल्या मळ्यातून गावठी अंडी आणायच्या, ज्याला हवीत त्यानं आपला डबा टेबलावर ठेवायचा. साडेदहाला त्यांच्या पुतण्याचा फोन आला. रविवारी संध्याकाळी छातीत दुखायला लागलं, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं... बातमी कळल्यावरही कुणाला आपला डबा उचलवेना. दिवसभर ते पाच डबे तिथंच राहिले.

आता दीड महिना झाला. बारा वर्षं आमची टेबलं शेजारी होती. त्या आवक-जावक सांभाळायच्या. अपुरा कागद घेऊन कितीही मोठा माणूस आला तरी त्याला तोंडावर परत पाठवणारी ही बाई, पण अंड्यांचे पैसे मागायची वेळ आली की नवी नवरी व्हायची. "किती द्यायचे?" असं कुणी विचारलं की खाली बघून म्हणायची, "द्या की तुमच्या मनाला येईल ते." आता माणसांची मनं काय सारख्या मापाची असतात? कुणी सहा अंड्यांचे पन्नास द्यायचा, कुणी वीस. एकानं तर गेल्या वर्षीची कोरी डायरी दिली आणि वर दोन अंडी जास्त मागितली.

मी जैन, अंड्याला हात लावत नाही. पण वडिलांची सांगलीत हळदीची अडत होती. माल पुढ्यात असून दर न सांगणारा माणूस दिसला की माझ्या अंगाची लाही लाही होते. एके दिवशी न राहवून मी त्यांना झापलंच. म्हटलं, दर नसेल सांगायचा तर फुकट वाटा, पण ही थट्टा बंद करा.

"आवं अण्णा, रोज संगं जेवणाऱ्या माणसाकडं दर कसा मागायचा? तोंडच उघडत न्हाई," त्या म्हणाल्या. "आन् फुकट बी न्हाई द्यायची. पगार हातात येतोय न येतोय तवर घराचा होतोय. अंड्याचं पैसं तेवढं माझं हाय."

त्या पैशांचं काय करायच्या, तेही त्यांनी सांगितलं. महिन्यातून एकदा घरी जाताना मिरजेत उतरून नारळाचं आइस्क्रीम खायच्या. एकट्या, कुणाला न विचारता. "दुकानवाला दर बारीला इचारतोय, एकच? म्या म्हंती, व्हय, एकच." हे सांगताना त्यांचा चेहरा असा काही खुलला की दर ठरवायची जबाबदारी मी तिथल्या तिथं अंगावर घेतली. त्यांनाही ते पटलं. "तुमी खातच न्हाई, तवा तुमाला कोण आपमतलबी म्हणंल?"

मी बारा रुपयाला एक असा दर लावला. लेखा शाखेतले गायकवाड पहिल्यापासून घासाघीस करण्यात पटाईत. "न खाणाऱ्यानं खाणाऱ्याचा दर ठरवायचा, हा कुठला न्याय?" असं म्हणत त्यांनी पैसे मोजले, आणि मग सगळ्यांनीच मोजले. मी एवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण अडत्याच्या पोराला राहवतंय कुठं? दर सोमवारी दीड डझन मिळतील, असा शब्दही मी मालनताईंच्या वतीनं देऊन टाकला. कोंबडी म्हणजे नळ, सोडला की पाणी, अशी माझी समजूत.

दोन वर्षं एकही सोमवार चुकला नाही. मग एका शनिवारी मिरजेच्या बाजारात मला मालनताई दिसल्या. जतकडच्या एका म्हातारीपुढं बसून अंडी निवडत होत्या. पंधरा रुपयाला एक. मी मागं उभा राहिलो तेव्हा चोरी सापडावी तशा दचकल्या.

"काळी खुडूक बसलिया, तांबडीनं पिसं गाळल्यात. ती काय करणार बिचारी? पर शबुद दिलाय न्हवं आपण."

शब्द मी दिला होता, आणि तीन रुपये पदरचे घालून तो पाळत त्या होत्या. खुडूक बसलेली कोंबडी तीन-तीन आठवडे अंडं घालत नाही, हे मला त्या दिवशी भर बाजारात कळलं. मला फार लाज वाटली. किती महिने त्यांचं आइस्क्रीम आम्ही खाल्लं, देव जाणे.

सोमवारी मी दाराआड एक पुठ्ठा टांगला: कोंबड्यांचा रजेचा तक्ता. काळी, प्रसूती रजा. तांबडी, वैद्यकीय रजा. कवडी, कामावर हजर. खाली मंजुरीची सही माझी. दर पंधरा. आमचे साहेब फिरत फिरत तिथं आले, चष्मा वर करून वाचलं आणि विचारलं, "ही काळी कोण? एवढी रजा आमच्या परवानगीशिवाय?" मालनताई तोंडाला पदर लावून इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. त्यानंतर साहेबांचाही डबा टेबलावर येऊ लागला आणि त्याचेही पंधराप्रमाणेच पैसे घेतले.

तेराव्याला आम्ही मळ्यात गेलो. यजमान आधीच गेलेले, मुलगा सैन्यात, परवा परत निघणार होता. कोंबड्या शेजारच्यांना देतो म्हणाला, त्यांच्याकडं रविवारी पाहुणे येणार आहेत. पाहुणे येणार म्हणजे काय, ते मला कळलं. "मला द्या," मी म्हणालो. सगळे माझ्याकडं बघायला लागले. मीही दचकलोच होतो. तिन्ही कोंबड्या आणि अंडी आणायचा तो पत्र्याचा डबा घेऊन घरी आलो, तर आई दारातच उभी. मी सगळं सांगितलं. तिनं वाकून काळीकडं पाहिलं. "जीव वाचतोय न्हवं? मग राहू दे परड्यात," म्हणाली. "पर अंडं उंबऱ्याच्या आत आणायचं न्हाई."

परवाच्या सोमवारी मी पहिल्यांदा अंडी घेऊन गेलो. घरामागच्या परड्यातून थेट डब्यात, मालनताई ठेवायच्या तशी जोंधळ्यात पुरून. त्यांच्या टेबलावर डबा ठेवला. गायकवाडांनी सहा अंडी आपल्या डब्यात मांडली, खिशात हात घातला आणि विचारलं, "अण्णा, किती द्यायचे?"

दर मीच ठरवलेला, तक्ता अजून दाराआड लटकतोय. पण माझं तोंड उघडेना. रोज संगं जेवणारा माणूस तो... खाली बघून मी म्हणालो, "द्या की तुमच्या मनाला येईल ते."

पंधराप्रमाणे नव्वद रुपये गायकवाडांनी दोनदा मोजून माझ्या हातावर ठेवले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी घासाघीस केली नाही.

सुटल्यावर मी घरी न जाता मिरजेची बस धरली. दिवस मावळायच्या आत पोचलो. दुकानवाल्यानं विचारलं, "एकच?"

"व्हय," मी म्हणालो, "एकच."