वैनींच्या वाटणीचे चिंचोके

माझी फजिती मीच सांगितलेली बरी. नाहीतरी आष्टी तालुक्यात ती सगळ्यांना तोंडपाठ आहे, आणि दुसरा कुणी सांगायला लागला की शेवटी मला लुगडंसुद्धा नेसवतो. तेवढं काही झालं नव्हतं. चहा घ्या, सांगतो.

दुष्काळाचं साल होतं. मी दूध संघात सुपरवायझर. बायकांच्या दूध संस्था उभ्या करायचं काम माझ्या गळ्यात पडलं आणि त्यासाठी मला पुण्याला तीन दिवसांच्या शिबिराला धाडलं. तिथं एक मॅडम होत्या. त्या म्हणाल्या, आधी जगातले शहाणे समजायचे की बाई विकासाच्या बाहेर राहिलीय, तिला आत ओढा; एक म्हैस द्या, एक शिलाई मशीन द्या, झालं. मग दुसरे शहाणे म्हणाले, ती बाहेर होतीच कधी? सगळा गाडा तीच ओढते, फक्त तिचं काम कुणी हिशेबात धरत नाही. आता तिसरे म्हणतात, नुसत्या बाईकडे बघू नका. बाई आणि बाप्याच्या मधे काय चाललंय ते बघा. राबतं कोण, ठरवतं कोण, मालकी कुणाची. मी सगळं वहीत उतरवून घेतलं. पहिलं कळलं, दुसरं थोडंफार कळलं, तिसऱ्याच्या वेळी जेवायची वेळ झाली.

शेवटी त्यांनी एक खेळ शिकवला, तो मात्र पक्का डोक्यात बसला. एक बाईचं चित्र, एक बाप्याचं. घरातलं एकेक काम पुकारायचं आणि जो ते करतो त्याच्या चित्रावर एक चिंचोका ठेवायचा. सोपं.

माझी अडचण अशी होती की संस्थेत सभासद बाई, पण दूध घालायला येणार तिचा नवरा. संघाचं म्हणणं, बाई स्वतः केंद्रावर आली तरच संस्था बायकांची, नाहीतर मंजुरी नाही. आणि बाई सकाळी येणार कशी? शेण, पाणी, भाकरी कोण करणार? तेव्हा गावातली सगळी जनावरं चारा छावणीत होती आणि माणसंही तिथंच गोणपाटाखाली राहत होती. मी तिथंच चित्रं अंथरली. समोर वीसेक बायका, बाजूला तंबाखू मळत त्यांचे नवरे. काम पुकारलं की बायका पदर तोंडाला लावून हसायच्या. चिंचोक्याला कुणी हात लावेना.

मॅडमनी सांगितलं होतं, असं झालं की आधी स्वतःच्या घरचं मांडून दाखवा. मी मांडलं. झाडलोट, माझी. पाणी, मी. भाकरी, मी. धुणं, मी. भांडी, मी. सगळे चिंचोके बाप्यावर, बाईचं चित्र मोकळं.

यात एक अक्षर खोटं नव्हतं. मी बसस्टँडच्या मागं एका खोलीत एकटाच राहत होतो. बायको तीन वर्षांपूर्वी अंबाजोगाईला माहेरी गेली ती परत आलीच नव्हती. एवढंच फक्त मी बोललो नाही.

 मग कौसाबाई नावाची एक बाई होती, बोलण्यात पुढं, तिनं आपल्या नवऱ्याकडं, भानुदासकडं, नुसतं बघितलं.

"साहेब, भाकरी बी तुमीच?" भानुदासनं विचारलं.

"भाकरीसुद्धा."

लोकांनी पीठ आणून परात माझ्यापुढं सरकवली. मी थापली. चांगली टम्म फुगली. आता तुम्हीच सांगा, तीन वर्षं ज्याच्या भाकरीला कुणी बरं म्हटलं नाही, त्यानं त्या घडीला खरं सांगावं कसं?

दुसऱ्या दिवसापासून भानुदास पहाटे शेण भरायला लागला. सायबाला जमतं तर आपल्याला कावून न्हाई, असं बाकीच्यांचं सुरू झालं. बायका किटल्या घेऊन स्वतः केंद्रावर यायला लागल्या. मी गेलो की पहिली चौकशी वैनींची. मग वैनी दिवसभर काय करत्यात? मी म्हणालो, वाचत बसतात. चहा? तो मी करतो, आलं घालून, मग संध्याकाळी दोघं बोलत बसतो. आणि बोललो म्हणून त्या दिवशी बाजारातनं आलंसुद्धा घेतलं. खोलीवर येऊन आल्याचा चहा केला आणि एकटाच प्यायलो. खोटं कशाला बोलू, मला ते गोड लागायला लागलं होतं. छावणीत का होईना, माझं घर नांदत होतं.

मग संस्थेचा बोर्ड लावायचं ठरलं आणि बायकांनी एकमतानं प्रमुख पाहुण्या ठरवल्या. कोण? वैनी.

मी वैनींना ताप आणला. ताप उतरेना म्हणून टायफॉइड केला. मग एक लग्न, मग दुसरं लग्न, मग दुसऱ्या लग्नात पाय मुरगळला. इतकं आजारपण एका बाईला सोसवत नाही हे माझ्या ध्यानात आलं नाही. बायकांच्या आलं.

आष्टीच्या बाजारच्या दिवशी कौसाबाई आणखी दोघींना घेऊन थेट खोलीवर. हातात दुधाची बाटली, नारळ, ब्लाउजपीस. मी मोरीत माझं एकुलतं एक ताट घासत होतो. त्यांनी दारातली एक चप्पलजोडी बघितली, दोरीवरचे दोन शर्ट बघितले.  कौसाबाई खाली बसली.

मी सगळं सांगितलं. म्हणालो, मला काय बोलायचं ते बोला, पण गड्यांना कळलं तर ते परत तंबाखू मळत बसतील आणि तुमची संस्था जाईल. माझे हात ओलेच होते.

तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "चिंचोके हायती का?"

पिशवीत होते. तिनं माझं ताट एका बाजूला ठेवलं, तांब्या दुसऱ्या बाजूला. "ताट तुमी, तांब्या वैनी. आता वैनी हित होत्या तवाचं मांडा."

झाडलोट, तांब्यापाशी. पाणी, तांब्यापाशी. भाकरी, धुणं, भांडी, माझ्या आईचं दुखणं, सगळं तांब्यापाशी. तिला पुस्तकं वाचायची फार हौस होती, त्यासाठी तिला वेळ कधी मिळाला ते मला आठवेना. शेवटी माझ्या मुठीत एक चिंचोका उरला. मी तो ताटात टाकला.

"ह्यो कशाचा?"

"चहात साखर कमी आहे, हे सांगायचं काम माझं होतं."

बाकीच्या दोघी हसल्या. कौसाबाई हसली नाही. म्हणाली, "मंग गड्यान्ला हेच सांगा. मी करतो म्हनू नका. आता करावं लागतंय म्हना." वहीत उतरवून घेतलेलं ते तिसरं, बाई आणि बाप्याच्या मधलं, मला तेव्हा कळलं.

बोर्ड लागला. प्रमुख पाहुणा म्हणून मलाच उभं केलं आणि मी गड्यांसमोर सगळं खरं सांगितलं. वाटलं होतं, टर उडवतील. कुणी हसलं नाही. भानुदासनं तंबाखू तशीच डबीत परत भरली. पुढं संस्थेला मंजुरी मिळाली, चांगली चालली. आजही एखादा नवरा पहाटे शेण भरायला कुरकुरला की त्याची बायको दाराआडून एवढंच विचारते, "मंग काय, साहेब व्हायचंय का?" तो मुकाट्यानं घमेलं उचलतो.

ब्लाउजपीस कौसाबाईनं नेला नाही. अंबाजोगाईला नेऊन द्या म्हणाली. तो अजून माझ्या ट्रंकेत आहे. दोनदा गाडीत बसलो आणि अर्ध्या वाटेत मांजरसुंब्याला उतरून परत आलो. आल्याचा चहा मात्र मी अजून करतो. चांगला होतो. कधी साखर कमी पडते, पण आता ते सांगू कुणाला?