काचेचं छप्पर आणि नत्थूजी

नत्थूजी बोरकुटे यांचं दुकान लकडगंजात होतं. दोन लाकडाच्या वखारींच्या मधली ती जागा इतकी अरुंद, की मोठी काच आत न्यायची तर तिरपी करून न्यावी लागे. देवांच्या तसबिरी, खिडक्यांची तावदानं, बसच्या काचा, जे काम येईल ते नत्थूजी करत. शाळा चौथीपर्यंत झालेली. दोन्ही हातांवर जुन्या कापल्याच्या पांढऱ्या रेघाच रेघा. मी नर्स, जखमा बघणं हे माझं रोजचं काम. पण त्या हातांकडे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मीही क्षणभर थांबले होते.

आमची ओळख झाली ती १९७३ च्या दिवाळीनंतर. मी तेव्हा डॉ. यमुताई पांढरीपांडे यांच्याकडे होते. एका धर्मादाय संस्थेची जुनी व्हॅन होती, तिच्यातून आम्ही खेड्यापाड्यांत जाऊन लोकांचे डोळे तपासायचो. गावात वीज असली तर असली. शाळेच्या अंधाऱ्या खोलीत टॉर्चच्या पिवळट उजेडात यमुताई वैतागून जात. शेवटी त्या म्हणाल्या, "सुमती, आपल्याला आभाळाचा उजेड हवा." आणि त्यांनी नत्थूजींकडून व्हॅनचा पत्रा कापवून छपरात सहा जाड काचा बसवून घेतल्या.

हिवाळाभर ते छप्पर म्हणजे आमचा अभिमान होता. पेशंटला खाली बाकावर निजवायचं, वरून स्वच्छ उजेड पडायचा, आणि यमुताई भिंग लावून डोळ्यात बघायच्या. पण एप्रिल उजाडला आणि त्याच छपराची भट्टी झाली. काटोलच्या रस्त्यावर एका गावात एक म्हातारे गृहस्थ तपासता तपासता बाकावरच बेशुद्ध पडले. त्यांना झाडाखाली नेलं, ओलं फडकं डोक्यावर ठेवलं, कांद्याचा रस तळपायांना चोळला, तेव्हा कुठे त्यांनी डोळे उघडले.

दुसऱ्या दिवशी संस्थेचे सेक्रेटरी गोपाळराव आले. माणूस सज्जन, पण घाईचा. ते म्हणाले, "डॉक्टर, काचांना निळा रंग देऊन टाका. साहेबांच्या गाड्यांना असतो तसा. सोमवारी पेंटर पाठवतो."

यमुताई म्हणाल्या, "निळ्या काचेखाली मला लाल रंग कसा दिसणार? काचबिंदूचा झटका आला की बुबुळाभोवती जांभळट लाली येते. साधे डोळे आले तर ती लाली विटकरी असते. एवढ्या फरकावर एखाद्याची दृष्टी राहते किंवा जाते."

"आणि उष्म्यानं पेशंट गेला तर?"

दोघांचंही खरं होतं. मग आम्ही लकडगंजात गेलो.

नत्थूजींनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "बाई, मले एक सांगा. तुमाले डोळ्यात नेमकं काय पाहाचं असते?"

यमुताईंनी सांगितलं. नत्थूजींनी मान हलवली. "चार दिवस द्या मले. रंग लावाले वेळ लागत नाही, काढाले लागते. अन् सुमतीबाईले पाठवा उद्या. गांधीबागेतून लाल सुताच्या लड्या आनजा म्हना, जेवढ्या जातीच्या भेटतीन तेवढ्या."

मी गांधीबागेत तासभर फिरून अकरा लड्या मिळवल्या. कुंकवासारखी, विटेसारखी, डाळिंबी, जांभळ्याकडे झुकलेली. दुकानामागच्या उघड्या जागेत नत्थूजींनी पत्र्याची चार खोकी उन्हात मांडून ठेवली होती. प्रत्येकावर एक काच: एक साधी, एक निळी, एक तपकिरी, आणि एक वरून चुना फासलेली. बाजूला हात घालून आत बघता येईल एवढी खिडकी. आत एकेका वाटीत बर्फाचा सारखा तुकडा. दुपारचा एक वाजला होता. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

"आता तुमी लड्या लावा, हलक्यापासून गडद. प्रत्येक खोक्यात."

साध्या काचेखाली मी चटकन लावल्या. निळ्याखाली हात घातला आणि माझा माझ्याच डोळ्यांवर विश्वास बसेना. डाळिंबी आणि जांभळी एकच झाल्या होत्या, दोन्ही काळपट. तपकिरीखाली माझ्या हाताची नखंसुद्धा कावीळ झाल्यासारखी दिसली. चुन्याच्या काचेखाली उजेड मंद होता, पण रंग जागच्या जागी होते.

तोवर साध्या काचेखालचा बर्फ वितळून गेला होता. निळ्या आणि तपकिरीखालचा जेमतेम थोडा वेळ अधिक टिकला. चुन्याखालचा अजून अर्धा शिल्लक. नत्थूजींनी निळ्या काचेवर तळहात टेकवला आणि लगेच उचलला.

"पाहा हात लावून. ही काच ऊन गिळते, अन् मंग आत ओकते."

"मग चुनाच लावू या की," मी म्हणाले.

"कच्च्या रस्त्यानं दोन दिवसात झडून जाईन. अन् पावसाळ्यात, हिवाळ्यात बाईले अंधार होईन." ते खोक्यांकडे बघत बसले. अंगातली बंडी घामानं चिकटली होती. मी त्यांना सावलीत या म्हटलं. ते म्हणाले, "पाहून राहिलो," आणि तिथेच राहिले.

तिसऱ्या दिवशी ते स्वतःच आमच्याकडे आले, सायकलवरून, हिंगण्याहून थेट. तिथल्या एका कारखान्याच्या काचा फुटल्या की नत्थूजीच बसवायचे. यमुताईंनी पाणी दिलं तर ते हातात तसंच राहिलं.

"बाई, किती वर्सं झाली, मी तठी काचा लावून राहिलो. आज पहिल्यांदा खाली उभा राहून वर पाह्यलं. भर दुपारी एक मानूस केसासारखी तार मोजत होता, दिवा नाही, काही नाही. अन् जमिनीवर उन्हाचा एक ठिपका नाही. तिथल्या काचा समद्या उत्तरेकडे तोंड करून बसल्या हायेत. ऊन आत येतच नाही. नुसतं आभाय येते."

आभाळाला ते आभाय म्हणत, काळेला काये. यमुताई खुर्चीवरून उठल्याच.

"पण आपली गाडी तर फिरती आहे, नत्थूजी."

"फिरू द्या ना. थांबते तं कुठं तरी? थांबली का तोंड उगवतीकडे करा. बाकी मी पाहतो."

शेजारच्या वखारीतून त्यांनी सागवानाच्या उरलेल्या पट्ट्या आणल्या. काचेच्या वर वीतभर अंतर सोडून, गाडीच्या लांबीभर, त्यांनी तिरप्या पट्ट्यांची झिलमिली बसवली. पट्ट्यांची पाठ दक्षिणेकडे, उघडी बाजू उत्तरेकडे. वरून सगळ्या पांढऱ्या रंगवल्या. मधल्या फटीतून वारा जायचा. काचेला रंगाचा थेंब लावला नाही. गोपाळराव दुपारी आत जाऊन बसले, दहा मिनिटं बसले, आणि बाहेर येऊन म्हणाले, "पेंटरला मी नको म्हणून सांगतो." गरम होत होतं, नागपूरच्या उन्हाळ्यात ते कुठे होत नाही? पण ती सावलीतली गरमी होती. लड्या मी पुन्हा लावल्या, अकराच्या अकरा बरोबर.

इथं गोष्ट संपली असं आम्हाला वाटलं. नत्थूजींना वाटलं नव्हतं.

दुकानापुढच्या फळीवर त्यांनी एक उभा खिळा ठोकला होता आणि रोज दुपारी त्याची सावली जिथे संपेल तिथे पेन्सिलनं खूण करत होते. मे संपत आला तेव्हा त्यांनी निरोप पाठवला, बाईंना घेऊन या, बाराच्या आत. आम्ही गेलो. फळीवरच्या खुणा एकीपुढे एक, खिळ्याकडे सरकत आलेल्या, जवळजवळ त्याला टेकलेल्या. आम्ही तिघं उन्हात उभे राहिलो. बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमाराला मी खिळ्याकडे पाहिलं आणि त्याला सावली नव्हती. मी माझ्या पायांकडे पाहिलं. माझीही सावली पावलांच्या आत शिरली होती. इतकी वर्षं मी या गावात राहत होते. असं काही होतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि मी कधी खाली पाहिलं नव्हतं.

"उद्यापासून हा सूर्य उत्तरेच्या अंगानं जाईन," नत्थूजी हलक्या आवाजात म्हणाले, देवळात बोलावं तसे. "थोडाच, पन जाईन. मंग माह्या पट्ट्या उलट्या पडतीन. दुपारचं ऊन सीधं आत."

त्यांनी तयारी करून ठेवली होती. त्याच आठवड्यात सगळ्या पट्ट्या एका दांड्याला जोडल्या. आतून दांडा ओढला की पट्ट्या दुसऱ्या बाजूला कलायच्या. दुपारी दक्षिणेकडे, सकाळ-संध्याकाळ हवं तसं. लहानू ड्रायव्हर तो दांडा असा ओढायचा, जणू रेल्वेचा सिग्नल पाडतोय.

जूनच्या पहिल्या आठवड्यात कौसल्याबाई नावाची एक मजूर बाई डोकं दुखतं म्हणून आली. दोन ठिकाणी तिला डोळे आल्याचं औषध मिळालं होतं. यमुताईंनी तिला निजवलं, भिंग लावलं आणि माझ्याकडे न बघताच म्हणाल्या, "जांभळी." तिला त्याच गाडीनं नागपूरला आणलं, संध्याकाळी ऑपरेशन झालं. नजर वाचली. मी लकडगंजात जाऊन नत्थूजींना सांगितलं. त्यांनी तसबिरीची काच कापता कापता हिरकणी वर उचलली.

"दिसते तिले?"

"दिसतं."

"बरं झालं," म्हणाले, आणि काच कापायला लागले.

ते छप्पर पुढे आठ वर्षं चाललं. नवी गाडी आली तेव्हा तिला विजेचे दिवे होते, आणि जुनी निघून गेली. नत्थूजी त्यानंतरही काही वर्षं दुकानात बसायचे. पण मला त्यांची आठवण येते ती पहिल्या उन्हाळ्यातली. गाडीत पेशंट तपासताना त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. मीच आग्रहानं वाडीला, त्यांच्या घराजवळच्या कॅम्पला घेऊन गेले. ते दाराशी अंग चोरून उभे राहिले. यमुताईंनी त्यांना जवळ बोलावलं आणि भिंग हातात दिलं. बाकावर एक गुराखी निजला होता, साठीचा, शांत.

नत्थूजी वाकले. बराच वेळ वाकलेलेच होते. वरून उत्तरेचा निवळ उजेड पडत होता. यमुताईंनी घाई केली नाही.

"बाई," ते अखेर म्हणाले, "मी याले रोज पाहतो. आमच्याच गल्लीतून ढोरं नेते हा. काये डोळे हायेत म्हनत होतो मी." त्यांनी पुन्हा वाकून पाहिलं. "काये नाहीत वं माय. आत मधाचा रंग हाये, सागवानाच्या रेषा हायेत, किनारीले हिरवं हाये. अन् हे समदं याच्या तोंडावरच होतं?"

"सगळ्यांच्याच," यमुताई म्हणाल्या.

नत्थूजींनी भिंग परत दिलं आणि डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. बाहेर रांगेत बसलेल्या लोकांकडे ते पाहत राहिले, एकेकाच्या डोळ्यांकडे, सावकाश.