विसळबाई

चहा हातात आला की बाई आधी त्यातला घोटभर कपात गोल फिरवायच्या, बाहेर ओतून टाकायच्या आणि मग उरलेला प्यायच्या. कुणाच्याही घरी, कुणाच्याही देखत. तपासणीसाठी नदीचं पाणी घेताना बाटली आधी त्याच पाण्यानं विसळायची, हा आमच्या कामातला नियम. बाईंनी तो कपालाही लावला होता. चहा करणारी समोर तोंड पाडून उभी राहिली तरी त्यांना काही वाटत नसे. मोशीपासून महाळुंग्यापर्यंत लोक त्यांना विसळबाई म्हणत. त्यांच्या कानावर ते गेलं तेव्हा म्हणाल्या, "चला, निदान निरीक्षण तरी बरोबर आहे."

भोसरीत त्यांची दोन खोल्यांची प्रयोगशाळा होती आणि मी तिथे केमिस्ट होते. त्यांचं संशोधन नद्यांवर, खाणींवर आणि बदललेल्या पावसावर. दगड काढून झालेल्या खाणी पावसाळ्यात तळ्यासारख्या भरतात. त्यात कारखान्यांचा गाळ आणून ओतला जातो. पूर्वी तो तिथेच बसून राहायचा. आता महिन्याचा पाऊस एका दुपारी कोसळतो, खाण उतू जाते आणि गाळ विहिरींतून नदीत उतरतो. बाईंचं सगळं म्हणणं एवढंच होतं. ते सिद्ध करण्यात त्यांची पंधराएक वर्षं गेली.

त्यांच्याजवळ दयामाया नव्हती. माझी आई दवाखान्यात होती, तेव्हा मी सुट्टी मागितली. बाटल्यांवरून नजर न काढता त्या म्हणाल्या, "आई आठवडाभर टिकेल. हे नमुने उद्यापर्यंतसुद्धा टिकणार नाहीत." आई टिकली, हे खरं. ते वाक्यही टिकलं. आळंदीला घाटावर एक म्हातारे गृहस्थ घरी न्यायला इंद्रायणीचं पाणी बाटलीत भरत होते. बाई त्यांना म्हणाल्या, "आजोबा, नेताय तर भांडी घासायला वापरा. फेस आयता आहे." आजोबांनी ती बाटली नदीत रिकामी केली आणि पायरीवर बसून राहिले. त्यांच्या सुनेनं बाईंना जे ऐकवलं, ते बाईंनी पुढचा नमुना भरता भरता ऐकलं.

मोशीच्या पुढे खाणीला लागून एक वस्ती आहे. तिथे पाण्याला एकच विहीर आणि ती हौसाकाकूंच्या शेतात. खाणीचा गाळ विहिरीत उतरतो एवढं सिद्ध झालं असतं, तर खाण बंद झाली असती आणि वस्तीला नळ मिळाला असता. दर आठवड्याला आम्हाला जाणं जमत नव्हतं, म्हणून बाईंनी हौसाकाकूंना बाटल्या दिल्या. कशी विसळायची, काठोकाठ कशी भरायची, झाकण कसं लावायचं, सगळं करून दाखवलं. काकूंनी पदराला हात पुसून बाटली अशी घेतली, जशी ओटीच घेताहेत. पावसाळाभर त्यांच्या बाटल्या वेळेवर येत राहिल्या. घासलेल्या, चकचकीत.

आणि पाणी निर्दोष निघालं. मी पुन्हा तपासलं, तरी तेच. बाई म्हणाल्या, "जे आलंय ते लिही." प्रदूषण मंडळाच्या सुनावणीच्या दिवशी खाणवाला टेबलावर रेलून म्हणाला, "मॅडम, द्या की ती बाटली इकडं. मीच पितो." सगळे हसले. सुनावणी घेणारे साहेबही हसले आणि म्हणाले, "बाटली तुमची, प्रयोगशाळा तुमची, अहवाल तुमचा. आता आम्ही काय करायचं, तुम्हीच सांगा." वस्तीतली माणसं मागे उभी होती. नळाचा विषय तिथेच संपला.

बाई परत आल्या आणि उरलेल्या पाण्यात, आम्ही कधीच शोधत नव्हतो ते ॲल्युमिनियम त्यांनी शोधलं. ते भरपूर निघालं. बाईंनी पर्स उचलली. "चल. एवढं ॲल्युमिनियम म्हणजे तुरटी आहे ही."

विहिरीवर बायका पाणी शेंदत होत्या. बाईंनी सगळ्यांच्या देखत विचारलं, "हौसाबाई, बाटलीतल्या पाण्यात तुरटी फिरवली होती?"

"मग! रातभर निवळून, चार पदरी फडक्यातनं गाळून मगच भरलं," काकू कौतुकानं म्हणाल्या. "तुमच्यासारखीला गढूळ पानी देऊ व्हय? पानी देनाऱ्याला लाज नगं?"

त्या भागात कुणी पाणी मागितलं तर न गाळता देत नाहीत. आम्ही बाटली दिली, म्हणजे पाणी मागितलं. ज्या गाळाचा आम्हाला पुरावा हवा होता, तो काकूंनी फडक्यात धरला होता आणि फडकं झटकून टाकलं होतं.

बाई म्हणाल्या, "तुमच्या या लाजेपायी ही अख्खी वस्ती विष पीत राहणार. खाणवाल्यानं तुमचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार करायला हवा. पुन्हा या पाण्याला हात लावायचा नाही. जसं आहे तसं. कळलं?"

कुणीतरी फिसकन हसलं. काकूंनी पदर पुढे ओढला. "बरं," एवढंच म्हणाल्या.

पुढच्या पावसात काकूंकडून परत बाटल्या येऊ लागल्या. आता त्या गढूळ होत्या, तळाशी हिरवट काळा गाळ होता आणि आकडे जसे हवे तसे येत होते. बाई खूश होत्या. दिवाळीच्या आधी बाटली यायची थांबली. काकूंचे पाय सुजले होते, उलट्या थांबत नव्हत्या. डॉक्टरांनी किडनीचं कारण सांगितलं. दिवाळीनंतर काकू गेल्या.

भेटायला आम्ही दोघी गेलो. काकूंचा मुलगा महाळुंग्याला कंपनीत होता. भादरलेल्या डोक्यानं दारात बसला होता. म्हणाला, "मॅडम, आईचं नाव घाला की अहवालात. पाण्यानंच गेली म्हनून."

"त्यांना साखर होती, ब्लडप्रेशर होतं," बाई म्हणाल्या. "एका बाईच्या मरणानं काही सिद्ध होत नाही."

तो उठून उभा राहिला. आता हा हात उचलणार असं मला वाटलं. त्यानं चपला घातल्या आणि तो निघून गेला. सून चहा घेऊन आली. बाईंनी घोटभर चहा कपात फिरवला, अंगणात ओतला आणि उरलेला प्यायल्या. मला मान वर करवेना. मग त्यांनी पर्समधून बाटली काढली आणि म्हणाल्या, "घरातल्या पिण्याच्या पाण्याचा नमुना लागेल. माठ कुठंय?"

ओट्यावरच्या माठातून बाईंनी बाटली भरली, उजेडाला धरली आणि तशाच उभ्या राहिल्या. पाणी विहिरीतल्या इतकंच गढूळ होतं.

"हे गाळत नाही तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"आमी आमचं येगळं गाळून घेतो, पोरं हायेत ना," सून म्हणाली. "हा सासूबाईंचा माठ. तुमी हिरीवर बोलला, त्या दिवसापासनं त्यांनी फडकं सोडलं. मॅडमनी सांगितलंय, पान्याला हात लावायचा न्हाई, म्हनायच्या. लई सांगितलं, पर ऐकलंच न्हाई त्यांनी."

बाईंनी झाकण लावलं आणि चिठ्ठीवर ठिकाण, तारीख, वेळ लिहिली. अक्षर नेहमीसारखंच सरळ होतं. त्यावरून मी काही ठरवणार नाही.

विहिरीच्या बाटल्यांबरोबर त्या माठाचं पाणीही पुढच्या सुनावणीत आलं. माणसाच्या पोटात हेच पाणी जात होतं. या वेळी खाणवाल्यानं बाटली मागितली नाही. खाणीला कुंपण पडलं आणि वस्तीला नळ आला. काकूंचं नाव अहवालात नाही. मुलगा आजही आम्हाला दारात उभं करत नाही.

गेल्या वर्षी बाईंनी प्रयोगशाळा माझ्याकडे सोपवली आणि त्या बहिणीकडे राहायला गेल्या. फोन करत नाहीत. निरोपाचा चहासुद्धा विसळून प्यायल्या. पण काकू गेल्यावर, बाटली घेणाऱ्या प्रत्येक बाईला त्या एकाऐवजी दोन गोष्टी सांगू लागल्या होत्या. "बाटलीत पाणी जसं आहे तसं," ही पहिली. मग समोरचीचं मनगट धरून, ती चरकेल इतकं घट्ट धरून, दुसरी: "आणि घरात प्यायचं ते गाळूनच. आधी हे म्हणून दाखव, मग बाटली." आता बाटल्या मी देते. मनगट मीही तसंच धरते.