सर सांगतील ती जागा

रफिक सरांसमोर ‘माझी जागा’ असं म्हणायची सोय नव्हती. शिक्षकांच्या खोलीत ते रोज वेगळ्या खुर्चीवर बसत. ज्यांची खुर्ची गेली ते गुरुजी अवघडून उभे राहिले की सर म्हणत, “बसा ना कुठीबी, खुर्च्या शाळेच्या हायेत.” शाळेच्या मुलींच्या बेसबॉल संघात तर हा नियमच होता. मैदानात नऊ जणी, नऊ जागा, आणि दर आठवड्याला फिरवाफिरव. आज जी चेंडू फेकते ती पुढच्या सोमवारी मैदानाच्या टोकाला. गावात त्यांना कोणी पी.टी.चे सर म्हणत नसे, नऊ जागांचे सर म्हणत.

सर मूळचे लोणारकडचे. आमच्या संग्रामपूर तालुक्यातल्या शाळेत नोकरी लागली आणि ते इथेच राहिले. जागा फिरवण्यामागे त्यांचं साधं कारण होतं. आमच्याकडे कापसाची वेचणी आणि शाळांच्या स्पर्धा एकाच सुमारास येतात. वेचणी लागली की संघातल्या तीन-चार मुली शेतात जात. कोण जाईल ते आधी कळत नसे. “एक पोट्टी वावरात गेली म्हणून संघ लंगडा झाला, असं नाही चालत भाऊ,” ते सांगत. “प्रत्येकीले सगळं आलं पाह्यजे.” मी बाजार समितीच्या वजनकाट्यावर काम करतो. मला हा हिशेब पटला होता, निदान माझी मुलगी त्या संघात जाईपर्यंत.

आरती सातवीत असताना संघात गेली. त्याआधी ती चुलतभावांबरोबर अंगणात क्रिकेट खेळायची, आणि तीच सवय घेऊन मैदानावर उतरली. पहिल्याच दिवशी तिने चेंडू मारला आणि बॅट हातात घेऊनच बेसकडे, म्हणजे धावून गाठायच्या खुणेकडे, पळत सुटली. सर मागून ओरडले, “ते बॅट आहेरात भेटली का तुले? टाक तठीच.” सगळ्या मुली हसल्या. दुसऱ्या दिवशी तिने बॅट टाकली, पण चेंडू मारून जागेवर उभी राहिली, धाव निघते का ते बघत. सर जवळ आले आणि शांतपणे म्हणाले, “आरती, अठी विचार करायची सवलत नाही. लागला का पळायचं.” जमिनीवर टप्पा पडायची वाट पाहणं मात्र महिनाभर सुटलं नाही. चेंडू थेट छातीच्या उंचीवर यायचा आणि हिची बॅट खालीच.

ती सवय त्यांनी निंबोळ्यांनी सोडवली. शाळेमागे कडुनिंब होता. खाली पडलेल्या हिरव्या निंबोळ्या गोळा करून सर एकेक तिच्याकडे फेकत, आणि तिच्या हातात बॅटऐवजी तुरीची वाळकी काडी. बोटभर जाडीची. नेम धरून हलक्या मनगटाने मारलं तर निंबोळी टुणकन उडायची, आंधळा जोर लावला तर काडीच मोडायची. मोडली की सर नवी काडी देत आणि म्हणत, “नजर पहिले, जोर मांगून.” निंबोळ्या संपल्यावर बाटल्यांची झाकणं आली. झाकण हवेत वाकडंतिकडं जातं, शेवटपर्यंत पाहिल्याशिवाय लागत नाही. दिवाळीनंतर पुन्हा खरा चेंडू आला तेव्हा आरती म्हणाली, “बाबा, तो चेंडू मले पपईएवढा दिसून राह्यला.”

मी सामने बघायला जायचो आणि आकडे डोक्यात ठेवायचो, तो माझा स्वभाव आहे. नववीत असताना दहा वेळा बॅट हाती आली तर ती चार वेळा तरी मारून बेस गाठायची. या खेळात ते फार चांगलं. चेंडू अडवायला दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधोमध उभं राहतात ती शॉर्टस्टॉपची जागा तिला अंगालगत बसली होती. आमच्या मैदानाची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, चेंडू कुठल्या भेगेवर आदळून कुठे उसळेल ते सांगता येत नाही. तिथे ज्याने चेंडू उचलला त्याला दुसऱ्या कुठल्याही मैदानावर अडचण नाही. तरी सर तिला तिथे टिकू देत नव्हते. या आठवड्यात डावीकडचं टोक, पुढच्या आठवड्यात पहिला बेस, मग कॅचर. आणि जागा बदलली की तिचं मारणंही पडायचं. दहात चार होते, ते दोनावर यायचं.

मी सरळ त्यांना जाऊन भेटलो. म्हटलं, “सर, पोरीची निवडचाचणी आहे यंदा. तिला एका जागी पक्की करा.”

“काऊन?”

“काऊन म्हणजे? जागा हलवली की तिचा आकडा पडतो. मी पाहतोय.”

सर हसले. “काटेवाले भाऊ, तुमच्या काट्यावर ट्रक चढला का आकडा पहिले हालते का नाही?”

“हालतो.”

“मंग तवाच पावती फाडता का? थांबता ना थोडं? तसंच थांबा.”

मी थांबलो. आकडा हळूहळू थांबलाही. त्या वर्षी स्पर्धांच्या सुमाराला ती नऊच्या नऊ जागांवर उभी राहू शकत होती, आणि मारणंही परत चारावर आलं होतं. आमच्या भागात अशी दुसरी मुलगी नव्हती, हे मी तिचा बाप म्हणून नाही, आकडे बघून म्हणतो.

बुलढाण्याला जिल्हा संघाची निवडचाचणी झाली. सर आणि मी दोरीबाहेर उभे होतो. निवड करणाऱ्या बाई एकेका मुलीला पुढे बोलावून विचारत, तुझी जागा कोणती? कोणी म्हणे चेंडू फेकणारी पिचर, कोणी पहिला बेस. मग बाई त्या त्या जागी तिला उभी करत. आरतीला विचारलं, तेव्हा तिने आधी वळून सरांकडे पाहिलं आणि म्हणाली, “सर सांगतील ती.”

बाईंना वाटलं, हिला पक्की जागाच नाही, राखीव म्हणून आणलेली दिसते. त्यांनी तिला कडेला थांबायला सांगितलं. शेवटी पाच-सहा चेंडू मारायला दिले, तेही तिने चांगले मारले, पण तोवर सगळ्या जागा भरल्या होत्या. सर बाईंशी बोलायला गेले आणि तसेच परत आले.  परतीच्या वाटेवर शेगावला गाडी बदलताना सरांनी आम्हाला चहा पाजला, स्वतः घेतला नाही.

दोन दिवसांनी ते घरी आले. आरतीच्या आईने खुर्ची दिली, त्यावर न बसता उंबऱ्याशीच उभे राहिले. आरतीला बोलावलं. मला म्हणाले, “भाऊ, चूक माही झाली. म्या पोरीले नऊ जागा शिकवल्या. तिले कोणती पाह्यजे, हे तीन वर्षांत एकडाव नाही विचारलं.” मग तिच्याकडे वळले. “सांग बरं. तुले कुठी खेळायचं?”

आरती माझ्याकडे बघायला लागली. मी शॉर्टस्टॉप म्हणणार होतो.

“बाबाकडं नको पाहू. माह्याकडंबी नको. भिंतीकडं पाह्य आन सांग.”

ती खरंच भिंतीकडे बघून म्हणाली, “कॅचर.”

 कॅचर म्हणजे तोंडावर जाळी बांधून मारणारीच्या पाठीमागे तासन्‌तास उकिडवं बसणं. कोणी आपणहून मागत नाही ती जागा. आरतीच्या आईने विचारलंही, “काऊन वं? दात पाडून घ्याले?”

“तठून सगळ्या दिसतात,” आरती म्हणाली. “बाकी आठही जणी माह्याकडं तोंड करून राह्यतात. कोण कुठी चुकून राह्यली, ते मले पहिले समजते.”

 सर म्हणाले, “तिले आठही जागा येतात, म्हणून समजते ते,” आणि चहा न घेता गेले.

पुढचं वर्षभर त्यांनी तिला एकाच जागी ठेवलं. स्वतःचाच नियम मोडायला त्यांना किती जड गेलं असेल ते मी जाणतो, कारण दर सोमवारी ते फिरवाफिरव सांगायला तोंड उघडत आणि आरतीचं नाव आलं की थांबत. कॅचरला एकाच हातात मोजा असतो, दुसरा उघडा राहतो. तो उघडा हात पुढे आला की चेंडू बोटांवर बसतो. “हात पाठीमांगं,” हे मी त्या वर्षी इतकं ऐकलं की वजनकाट्यावर एका ड्रायव्हरलाही म्हणालो असेन.

दुसरी निवडचाचणी आली त्याच वर्षी सर निवृत्त झाले. सामान लोणारला गेलेलं होतं, ते फक्त चाचणीपुरते बुलढाण्यात थांबले. पण मैदानात आले नाहीत. बाहेरच्या चहाच्या टपरीवर बसले. मी आग्रह केला, तर म्हणाले, “मी दिसलो तं पोट्टी माह्या तोंडाकडं पाहीन. तुम्हीबी जरा झाडामांगं उभे रहा.”

मी झाडामागे उभा राहिलो. बाईंनी विचारलं, आणि आरतीने समोर बघत सांगितलं, “कॅचर. कोणाला लागलं तर बाकीच्या जागाही येतात.” मग तिने जाळी बांधली. तासाभराने बाहेर येऊन मी सरांना सगळं सांगितलं. ती कोणाकडे न बघता बोलली, चांगली खेळली, मधे एक चेंडू उजव्या अंगठ्यावर बसला पण उठली नाही. यादी संध्याकाळी लागणार होती. सरांनी ऐकून घेतलं, पिशवी उचलली आणि लोणारची गाडी धरली. यादीसाठी थांबा म्हटलं, तर फक्त हात हलवला.

सर लोणारला गेले त्याला दोन वर्षं झाली. त्यानंतर आमची भेट झाली नाही, म्हणून त्या संध्याकाळचा फोन मला नीट आठवतो. आरतीचं नाव यादीत होतं. मी सरांना फोन लावला. गाडी चिखली सोडून पुढे गेली होती, आवाज तुटत होता. मी फोन आरतीकडे दिला आणि शेजारून ऐकत राहिलो.

“सर, नाव लागलं.”

“आयकलं. आंगठ्याचं सांग.”

“सुजला.”

“सुजनच. हात पाठीमांगं काऊन नव्हता तुहा?”