फिरलेले भिंग

धोंडीबा आबांना अक्षर वाचता येत नव्हते; पण कळपातली प्रत्येक मेंढी ते तोंडावरून ओळखत. छत्रपती संभाजीनगरातल्या ज्या नेत्रालयात मी दृष्टी तपासायचे काम करायचो, तिथे पहिल्यांदा आले तेव्हा म्हणाले, "सायेब, समदी मेंढरं आता सारखीच दिसू लागली. मंग मी कशाचा धनगर?"

त्यांचे गाव बिडकीनच्या अलीकडे. चराईचा माळ कारखान्यांच्या कुंपणात गेलेला, त्यात सलग दुसरा दुष्काळ. डावा डोळा लहानपणीच बाभळीच्या काट्याने गेला होता. उजव्यात पिकलेला मोतीबिंदू, शिवाय बुबुळाला बाक. म्हणून आमच्या डॉक्टर मॅडमनी मोतीबिंदू काढून, तो बाकही भरून काढणारे टोरिक भिंग डोळ्यात बसवले. हे भिंग ठरावीक दिशेतच राहावे लागते. फिरले की नजर बिघडते. त्याच्या कडेला दिशेच्या बारीक खुणा असतात. बाहुली मोठी करणारे थेंब घातल्याशिवाय त्या नीट दिसत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी पट्टी काढली. आबा खिडकीपाशी गेले आणि लहान मुलासारखे हसले. "त्यो रिक्षावाला दाढी खाजवतोय बघा!"

थेंब घालून तासभर बसवायचे आणि खुणा तपासायच्या, असा आमचा नियम. पण आबांची चुळबुळ चालली होती. "टँकर येईल आता. मेंढरं लई तहानली असतील. जाऊ द्या की मला."

इतके छान दिसतेय, मग काय हरकत, असे वाटून मी त्यांना जाऊ दिले. आठवड्याने यायला सांगितले.

ते आले तीन महिन्यांनी, मुलाचा हात धरून. सगळ्याला तिरपी सावली दिसत होती. मी थेंब घातले. भिंग जवळजवळ तीस अंश फिरले होते.

"आबा, इतके दिवस का आला नाहीत?"

"तुम्ही वजन उचलू नका म्हणला व्हता. मी त्याच दिवशी पाण्याचे ड्रम उचलले. कसूर माझाच. कोणत्या तोंडानं यावं?"

मुलाने खाली बघत पुढचे सांगितले. आजारी मेंढी आबांना वेळेवर ओळखू आली नाही. रोग कळपात पसरला. वाचली ती मेंढरे चाऱ्याअभावी विकून टाकली.

तोवर भिंग आत चिकटून बसले होते. मॅडमनी मोठ्या कष्टाने ते सरळ केले. नजर आली. त्या दिवशी मी आबांशेजारी बाकावर बसलो आणि म्हणालो, "ड्रममुळं झालं नाही, आबा. तुमच्या डोळ्यातली भिंगाची पिशवी जरा सैल आहे. भिंग पट्टी काढली तेव्हाच थोडं फिरलेलं असावं; मोतीबिंदू गेल्याच्या उजेडात ते तुम्हाला जाणवलं नाही. मी तेव्हा तपासलं असतं तर आठवड्यात सरळ करता आलं असतं. चूक माझी आहे."

आबा म्हणाले, "म्हंजी तीन महिने मी सोताला उगाच शिव्या घातल्या व्हय?"

उठताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आता लोकाला बसवून ठेवत जा. कुणी कितीबी घाई करू द्या."

तेव्हापासून मी कोणालाच तपासल्याशिवाय सोडलेले नाही. लोक चिडतात, मी ऐकून घेतो.

पुढच्या उन्हाळ्यात मुलगा एकटाच आला. आबा गेल्याचे त्याने सांगितले. मी भीतभीतच विचारले, "शेवटपर्यंत नीट दिसत होतं ना?"

"दिसत व्हतं की, चांगलं," तो म्हणाला. "पण रस्त्यानं दुसऱ्याचा कळप चालला की आबा उठून घरात जाऊन बसायचे."