भागोजीच्या पायाशी पडलेली काठी

भागोजी मैदानावर पंच म्हणून उभा राहिला की दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून ठेवायचा. नव्या पाहुण्यांना वाटायचं, काय करारी माणूस आहे! करारी कसला? त्याचा स्वतःच्या हातांवर काडीचा भरवसा नव्हता. हे मी खात्रीने सांगतो, कारण त्या हातांनी केलेल्या उद्योगात मी पुरता सापडलो होतो.

आम्ही समुद्रकाठचे वाडीवाले. नारळ-सुपारीच्या सावलीत वाढलेले, घरटी एक मास्तर नाहीतर कारकून, त्यामुळे निदान बोलण्यात तरी आम्हाला कोणी हरवत नसे. भागोजी खाडीपलीकडच्या खारेपाटातला. तिकडे भातशेती खाऱ्या पाण्यापासून वाचवायची तर मातीचे लांबच लांब बांध राखावे लागतात. उधाणाला बांध फुटला की हाळी पडते आणि जेवणारा ताटावरून उठून पळतो. सगळं गाव ओळीने उभं राहतं, चिखलाचे गोळे हातोहात फुटक्या जागेपर्यंत जातात. एखादा गोळा निसटला तर तो ज्याच्या पायाशी पडेल त्याने उचलायचा. कोणाच्या हातून पडला हे विचारत बसायला पाणी थांबत नाही. भागोजीचं अर्धं आयुष्य त्या ओळीत गेलं होतं.

आणि पळायचा काय! अंगाने बुटका, रुंद, पण वीतभर बांधावरून पळून पळून पाऊल असं सरळ पडायचं की बघत राहावं. त्याची बायको जनी म्हणायची, "या मानसाला चालता येतच न्हाय. तंबाखू आनाया जातो तो बी पलत."

प्रजासत्ताक दिनाला आमच्या पुळणीवर, ओहोटीने वाळू घट्ट झाली की, आमचं गाव आणि भागोजीचं गाव यांच्यात शर्यती व्हायच्या. शेवटची शर्यत चौघांची. पहिल्याने काठी घेऊन पळायचं, दुसऱ्याच्या हातात द्यायची, असं चौथ्यापर्यंत. जिंकणाऱ्या गावाला वर्षभर पितळी ढाल मिळे. सलग तीन वर्षं जिंकलं तर ढाल कायमची त्या गावाची. त्रेपन्न आणि चोपन्न साली आम्ही जिंकलो होतो. पंचावन्न साली खारेपाटाने ती अडवली नाही तर ढाल पुन्हा खाडी ओलांडणार नव्हती. भागोजीच्या गावाने मारुतीच्या देवळात ढालीसाठी खिळासुद्धा ठोकून ठेवला होता. वर्षभर त्या खिळ्याला पुजाऱ्याची छत्री लटकत होती, म्हणून आम्ही त्यांना यथेच्छ चिडवत होतो.

त्या दिवशी तिसऱ्या टप्प्याला आमच्याकडून मी होतो आणि त्यांच्याकडून सदा. चौथ्याला आमचा यज्ञेश्वर, म्हणजे माझा चुलतभाऊ, आणि त्यांचा भागोजी. दोघे शेजारी शेजारी उभे. मी सदाच्या चार पावलं पुढे होतो. जन्मात पहिल्यांदा पुढे होतो, तेव्हा डोक्यात हवा शिरली आणि मी काठी यज्ञेश्वरच्या हातात देण्याऐवजी हाताशेजारी दिली. ती पडली ती नेमकी भागोजीच्या पायाशी.

भागोजी वाकला, काठी उचलली आणि यज्ञेश्वरच्या मुठीत कोंबली. यज्ञेश्वर सुटला. तेवढ्यात सदा येऊन पोचला, तर भागोजीचे हात अजून तिकडेच! त्याने काठी घेतली खरी, पण उशीर झाला होता. यज्ञेश्वर दोन हातांनी पुढे राहिला. आमच्या लोकांनी टोप्या उडवल्या.

काठी हातोहात द्यायच्या जागेवर नेमलेले पंच म्हणजे पाहुणे आलेले एक गृहस्थ. ऐन वेळी वाऱ्याने त्यांचीच टोपी उडाली आणि ते तिच्यामागे समुद्राच्या दिशेने धावत होते. बघणारी सगळी गर्दी शेवटच्या दोरीपाशी. म्हणजे पाहिलं ते आम्ही चौघांनीच.

सदा भागोजीच्या अंगावर धावला. "त्यांची काठी कशाला उचललीस रं? डोका फिरला का तुजा?"

"पायाशी पडली," भागोजी म्हणाला. "हात गेला." आणि स्वतःच्या हातांकडे असा बघू लागला जणू ते शेजाऱ्याचे होते.

सदाने थेट तात्यांना गाठलं. तात्या आमच्याच शाळेचे हेडमास्तर आणि मुख्य पंच. मुंबईहून मागवलेलं नियमांचं पुस्तक ते पंचांगासारखं जवळ बाळगत. त्यांनी चष्मा पुसला, पान काढलं आणि वाचलं: काठी पडली तर ज्याच्या हातून पडली त्यानेच उचलायची. दुसऱ्याने दिली तर तो संघ बाद.

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "बाळाजी, काठी कोणी उचलली?"

ढाल तिथे टेबलावर चकाकत होती. सगळं गाव माझ्या तोंडाकडे बघत होतं. मी म्हणालो, "माझं लक्ष नव्हतं, तात्या."

धडधडीत खोटं. अजून लिहिताना कान गरम होतात.

तात्यांनी भागोजीला विचारलं. त्याने नुसतं "मी उचलली" म्हटलं असतं तरी ढाल त्यांची होती. तो म्हणाला, "मीच उचलली. पन तो पलून दमला व्हता, त्याचा ध्यान कसा असंल? आनि मास्तर, त्यांनी काय मना हाक मारली न्हाय. खोडी माज्या हाताची. तिच्यापायी त्यांना बाद करून ढाल नेली, तर मारुतीम्होरं कुठल्या तोंडानं टांगू?"

"अरे, पण नियम आहे!"

"नियम हाय ना, मग आमाला बी बाद करा. दुसऱ्याच्या काठीला हात लावला मी. न्हायतर परत पलवा."

तात्यांनी पुस्तक पुढे चाळलं, मागे चाळलं. असं कलम त्यात नव्हतं. समुद्राकडे बघून म्हणाले, "भरती लागली आहे. पळायचं तर आत्ताच."

आणि काय मजा आली म्हणून सांगू! निम्मी पुळण पाण्याखाली गेलेली, लाटा घोट्याशी, आणि दोन्ही गावांची माणसं गुडघ्यापर्यंत धोतरं खोचून ओरडताहेत. टोपीवाले पाहुणे या वेळी टोपी काखोटीला मारून उभे होते. मी धावत आलो तर भागोजी दोन्ही हात पाठीमागे धरून उभा! मान दुसरीकडे, डोळे मिटलेले. मी काठी नीट यज्ञेश्वरच्या मुठीत दिली. पाठोपाठ सदा आला आणि बोंबलला, "अरं, हात काढ! हात काढ मेल्या!" तेव्हा कुठे याला आठवलं की आपल्यालाही काठी घ्यायची आहे.

यज्ञेश्वर कोरड्यातला पळणारा. ओल्या, सरकत्या वाळूत त्याचे पाय रुतू लागले. भागोजी मात्र घरच्या बांधावर असल्यासारखा सुटला आणि शेवटची दोरी छातीवर घेऊन तसाच पुढे जाऊन लाटेत आडवा झाला. सदाने त्याला उचललं, आम्ही सदाला उचललं, आणि कोण कोणाच्या खांद्यावर आहे हे काही वेळ कोणालाच कळलं नाही. तात्या स्वतः होडीपर्यंत ढाल घेऊन गेले. पुजाऱ्याच्या छत्रीला दुसरी जागा शोधावी लागली.

पुढच्या वर्षापासून तात्यांनी काठीच्या जागेवर पंच म्हणून भागोजीलाच नेमलं. "ज्याने ती चूक केली त्याच्या नजरेतून ती सुटणार नाही," म्हणाले. पळणं सोडायचं त्याच्या जिवावर आलं होतं, पण मान मोठा होता. तेव्हापासून त्याचे हात पाठीमागे गेले ते गेलेच. स्वतःच्या गावाला दोनदा बाद ठरवलं त्याने. एकदा तर सदाच्या भाच्याला. सदा आठ दिवस बोलला नाही, नवव्या दिवशी तंबाखू मागायला आला.

माझं मात्र ते खोटं तसंच राहिलं. भागोजी घरी येई, आमच्या नारळाचं पाणी पिई, मी दर वेळी सांगायचं ठरवी आणि विषय बदली.

त्रेसष्ट साली मी त्याच्याकडे जेवायला गेलो होतो. जनीने भाकरी वाढली आणि हाळी पडली. बांध फुटला होता. भागोजी उठला, मीही उठलो, आणि इस्त्रीच्या पायजम्यानिशी चिखलाच्या ओळीत जाऊन उभा राहिलो. तासभराने पाणी हटलं. सगळे बांधावर टेकले. मी तोंडापर्यंत चिखलाने काळा, आणि तोंडातून निघून गेलं, "भागोजी, त्या दिवशी मी खोटं बोललो रे. मी सगळं पाहिलं होतं."

"म्हाईत हाय," तो म्हणाला. "तुजा तोंड बगितला ना मी."

"मग दमला होता, ध्यान नव्हतं, असं का सांगितलंस?"

तो मोठ्याने हसला, सगळे दात दाखवून.

"तू बी पाडलंस ना काय तरी," म्हणाला. "माज्या पायाशी पडला, मी उचलला. चल, भाकरी गार झाली असंल."